मोरीचं माहेर

आयर्लंडमध्ये एनिसहून किल्कीला गाडीने तासभर लागतो. आईला बरोबर घेतलं की दीड तास, कारण वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक गाईसाठी तिला थांबायचं असतं. काच खाली करून ती मान वाकडी करते, डोळ्यांच्या कोपऱ्यातून गाईकडे बघते आणि म्हणते, "कितकी गुबगुबीत गो! ह्यांका काय काम नाय?" काम नाही, नुसतं चरायचं, असं मी सांगते. मग पुढच्या वळणापर्यंत ती गाईंच्या नशिबाबद्दल बोलते.

आई मान वाकडी का करते, हे आधी सांगायला हवं, कारण हा सगळा प्रवास त्यासाठीच होता. तिच्या डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं पुसट होत जातं. "माणसाचा तोंड दिसना नाय, कान तेवढे दिसतत," असं ती हसत सांगते. मी डॉक्टर असूनही ते मला हसत ऐकता येत नाही. मी एनिसच्या हॉस्पिटलात भूल देते. नऊ वर्षं झाली इथे. आई देवबागची, मालवणजवळची, तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. सोमवारी डब्लिनहून तिचं परतीचं विमान होतं. पुढच्या खेपेला तिला कितपत दिसेल, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

आल्या आल्याच तिने विचारलं होतं, "तू दर्यात बुडी मारतंस, मगे तुका कधी मोरी गावली काय?"

मोरी म्हणजे छोटा शार्क. आमच्या मालवणात बाळंतिणीला मोरी खायला घालतात, दूध येतं म्हणून. आईच्या वडिलांची होडी होती आणि गावात कुणी बाळंत झालं की मोरी साफ करून शिजवायचं काम आईकडे यायचं. आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, तिने किती मोऱ्या कापल्या असतील देव जाणे. "हजार कापलंय," ती म्हणाली. "पण पोवताना एक बघूक नाय. होडीतसून येयत ती मेलेलीच."

मी म्हटलं, इथे आहेत. किल्कीजवळ पाण्याखाली एक गुहा आहे, तिथे दिवसा झोपलेल्या असतात. मी फोटो काढून आणते, आपल्या मोठ्या टीव्हीवर लावू, तू कडेने बघ.

हे बोलून गेले आणि मग अडीच महिने हवाच धड नव्हती.

गुरुवार, एनिस

शेवटी एक शुक्रवार मिळाला. शुक्रवारी समुद्र शांत, शनिवारपासून मोठ्या लाटा, असा अंदाज होता. म्हणजे बुडी एकच.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कॅमेऱ्याचा पसारा मांडला. पाण्याखाली कॅमेरा न्यायचा तर तो एका जाड खोक्यात बंद करावा लागतो. एकदा बंद केला की बाहेरची बटणं दाबता येतात, पण आत बोट घालता येत नाही. म्हणून बंद करण्यापूर्वी सगळं दोनदा बघायचं आणि बंद केल्यावर एक चाचणीचा फोटो काढायचा, हा नियम. गेली सहा वर्षं मी तो पाळत आले होते.

त्या दिवशी आमचं भांडण झालं. आई अचानक म्हणाली, "जाव नको. फोटू नको माका." मी म्हटलं, तीन महिने मोरी-मोरी केलंस आणि आता नको? ती म्हणाली, थंड पाणी, काळोखी गुहा, तू एकटी मुलगी. मी म्हटलं, मी रोज माणसांना मरणाच्या दारातून परत आणते, मला अक्कल आहे. असलं काहीतरी मोठ्याने बोलले आणि तरातरा बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. आयर्लंडमध्ये रागावून बाहेर जाऊन कपडे वाळत घालण्यात काही अर्थ नसतो, पाऊस असतोच. ते परत आत आणले.

आत आले तर आई प्रेसमधली भांडी पुसत होती. प्रेस म्हणजे इथल्या भाषेत कपाट, आता मीही तेच म्हणते. मी एक शब्द न बोलता कॅमेरा उचलला, खोक्यात सरकवला, कड्या लावल्या. खोक्याच्या पुढच्या काचेवर गुबगुबीत कापडी टोपी होती, ती तशीच राहू दिली. चाचणीचा फोटो काढला नाही. राग आलेला असला की माझे हात फार भराभर चालतात.

शुक्रवार, किल्की

किल्की हे घोड्याच्या नालेसारख्या खाडीभोवती वसलेलं गाव. रंगीत घरं, आइस्क्रीमची दुकानं, आणि तेरा अंशांच्या पाण्यात आनंदाने पोहणारी म्हातारी माणसं. त्यांना बघून आई म्हणाली, "ह्यांका घराक कोण नाय काय?"

धक्क्यावर नोरा वाट बघत होती. नोरा माझी बुडीतली जोडीदार. साठीची, पोस्टात काम करते, तिच्या दंडात अजूनही पोतं उचलायची ताकद आहे. तिच्याबरोबर मी कुठेही उतरेन. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की काळजी करू नका, समुद्र आज ग्रँड आहे. इथे सगळंच ग्रँड असतं. हवा, चहा, मोडलेला पाय. आईलाही तीन महिन्यांत तेवढा शब्द पाठ झाला होता.

पण आईचं समाधान नुसत्या ग्रँडवर होईना. तिने पिशवीतून केळी काढली. नारळ मिळाला नव्हता. केळी धक्क्याच्या कडेला ठेवली, पदर खोचला आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागली. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला असं गाऱ्हाणं घालतात. एक जण मागणं मागतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते पुरुषांनी घालायचं असतं. मी तसं पुटपुटले तर आई म्हणाली, "हय कोण बघता?"

"बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखाच्या, बारा गावच्या बारा राखणदारा म्हाराजा! आज माझा चेडू तुझ्या दर्यात उतारता..."

मी लाजून पाण्याकडे बघत होते. ती थांबली. उत्तराची जागा रिकामी होती. मी हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

नोराने माझ्याकडे बघितलं. काय चाललंय ते मी दोन वाक्यांत सांगितलं. पुढच्या ओळीला, "तेका सुखरूप वर हाड म्हाराजा", म्हणजे माझ्या मुलीला सुखरूप वर आण, नोरा छाती भरून गरजली, "वाय महाराजा!" धक्क्यावरच्या दोन मासेमाऱ्यांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं असणार कुणीतरी गेलंय.

होडी निघाली तेव्हा नोराने विचारलं, "चाचणीचा फोटो?"

"ग्रँड," मी म्हटलं, आणि पाण्यात उतरता उतरता काचेवरची कापडी टोपी न बघताच ओढून काढली.

अठरा मीटर खाली गुहेचं तोंड आहे. बाहेर केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची जंगलं, आत शिरलं की हिरवा उजेड मागे राहतो आणि दिव्याचा पिवळा उजेड पुढे चालतो. छताला नारिंगी, जांभळी फुलं लगडल्यासारखे जीव. हिंदी महासागरातली रंगीत प्रवाळं मी बघितली आहेत, तिथे सगळं एकदम अंगावर येतं. इथे दिवा जिथे फिरवाल तेवढंच दिसतं, आणि म्हणून मला ते जास्त आवडतं. गुहेच्या शेवटी वाळूचा छोटा चौक आहे. तिथे त्या होत्या.

सहा. प्रत्येक हातभर लांब. एकमेकींच्या अंगावर माना टाकून, शेपट्या कशाही, भर दुपारी जेवून आडव्या झालेल्या बायकांसारख्या. अंगावर तपकिरी ठिपके, तांदळाच्या भाकरीला तव्यावर पडतात तसे. डोळे मांजरासारखे, अर्धे मिटलेले. एकीने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी वाळूवर पोट टेकलं, श्वास सावकाश केला, कॅमेरा वर घेतला. आई, बघ गं, असं मनात म्हणत बटण दाबलं.

पडद्यावर काळं.

दिव्यांची ताकद वाढवली. काळं. सगळी बटणं फिरवली. काळंच. मग मी कॅमेरा उलटा करून काचेत दिवा मारला. आत, भिंगावर, काळं झाकण घट्ट बसलेलं होतं. त्यावरची कंपनीची अक्षरं मला नीट वाचता आली.

अठरा मीटर पाण्याखाली माणसाला ओरडता येत नाही, हे बरंच आहे. नोराने दिव्याने विचारलं, काय झालं? मी तिला काच दाखवली. ती गुडघ्यांवर बसली आणि तिच्या तोंडातून हसण्याचे फुगेच फुगे निघाले. मलाही हसू आलं, मुखवट्यात पाणी शिरलं. नंतर कळलं की त्यात थोडं माझंच होतं. हवा उरली होती बारा मिनिटांची. मी कॅमेरा वाळूवर ठेवला आणि बारा मिनिटं नुसती बघत राहिले. त्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

वर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. गुरुवारी कॅमेरा टेबलावर उघडा होता. मी कपडे वाळत घालत होते. आईला उघडी वस्तू बघवत नाही. दुधावर, पिठावर, लोणच्यावर, सगळ्यावर ती झाकण ठेवते.

धक्क्यावर ती उभी होती, थर्मास छातीशी धरून. "गावली?"

"गावल्या," मी म्हटलं. "पण कॅमेऱ्याची बॅटरी गेली गं. फोटो नाही आले."

तिने कपात चहा ओतला. चहा कपाच्या कडेने सांडला आणि तिला ते दिसलं नाही.

शनिवार, पाऊस

लाटा आल्या. आम्ही राहिलो होतो त्या घराच्या खिडकीतून खाडीच्या तोंडाशी पांढरं उसळताना दिसत होतं. घरमालकीण बाईंनी न्याहारीला ब्राउन ब्रेड, लोणी आणि रक्ताचं काळं पुडिंग दिलं. आईने पुडिंग नैवेद्याच्या पानासारखं आदराने बाजूला सरकवलं आणि चार तुकडे ब्रेड खाल्ला. दुपारी नोरा आली. आईने बरोबर आणलेल्या कोकमाच्या आगळाची, डब्यातलं नारळाचं दूध घालून, सोलकढी केली. नोराने ती गुलाबी कढी स्ट्रॉबेरीचं दूध समजून मोठा घोट घेतला, लसूण लागल्यावर थबकली, आणि मग अजून एक ग्लास मागितला. खरं प्रेम असं असतं.

मी त्यांना गुहेबद्दल सांगत होते. सहा होत्या, अशा पडल्या होत्या. नोरा म्हणाली की त्या गुहेत नेहमी माद्याच असतात. नर फार सतावतात, म्हणून माद्या एकत्र येऊन तिथे पडून राहतात. मी ते आईला सांगितलं.

आई एकदम खुलली. "म्हणजे माहेरपणाक इलेल्यो!"

नोराला माहेर समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. लग्न झालेली मुलगी आईकडे येते, तिला कुणी काम सांगत नाही, ती नुसती झोपते आणि खाते. नोरा म्हणाली, हे आमच्याकडे कधीच नव्हतं आणि ही आमची फार मोठी चूक झाली.

नोरा गेल्यावर आई खिडकीशी बसली. मग माझ्याकडे कान करून, म्हणजे मी तिला कडेने दिसावी म्हणून, म्हणाली, "खरा सांग. बॅटरी-बिटरी काय नाय. झाकान मीच लावलंय मां?"

मी टेबलावरचे ग्लास उचलायला लागले.

"रातभर आठवतंय मी. ता उघडा होता. मी लावलंय."

"मी बघायला हवं होतं," मी म्हटलं. "चूक माझी आहे, आई. मी रागात होते." आणि ते खरंच होतं. पण ती रडायला लागली. माझी आई सहसा रडत नाही. तिच्या शेजारी मी बसले आणि तेव्हा तिने जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

ती बारा-तेरा वर्षांची असताना होडीतून मोठी मोरी आली. हिने पोट फाडलं तर आत चार पिल्लं, हलणारी. वडील म्हणाले, टाक समुद्रात. ही परातीत पाणी घालून पिल्लं घेऊन पुळणीवरून धावत गेली, गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. लाट आली आणि पुढचं काही दिसलं नाही. "तेवापासून वाटता," ती म्हणाली, "जगली आसतली काय गो ती? एकदा जिती पोवताना बघलंय असता तर बरा वाटला असता."

मी तिच्या पायांवर शाल ओढली. पेशंटच्या नातेवाइकांना मी रोज काहीतरी सांगते. तिथे मला शब्द सापडतात.

संध्याकाळी मी नोराला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी ओहोटी आहे. आईला गरम मोजे घाल."

रविवार, पोलक होल्स

गावाच्या पश्चिमेला काळ्या खडकांचं मोठं पठार आहे. ओहोटीला ते उघडं पडतं आणि त्यात घरातल्या हौदाएवढी डबकी राहतात, तळ दिसेल इतकी स्वच्छ. त्यांना पोलक होल्स म्हणतात. लाटा बाहेरच्या कडेवर फुटत होत्या, आत पाणी स्थिर होतं. आईला एका बाजूने मी धरलं, एका बाजूने नोराने. शेवाळावर पाय टाकताना आई म्हणाली, "माका शिकव नको, मी खडपातच वाढलंय," आणि आम्हा दोघींपेक्षा नीट चालली.

एका डबक्याशी नोरा पालथी पडली, शेवाळाचे झुपके हलकेच बाजूला करत गेली. बराच वेळ गेला. मग तिने मला बोलावलं. झुपक्यात एक पिशवी अडकली होती. बोटभर लांब, मधाच्या रंगाची, चार कोपऱ्यांना चार वळलेले धागे, शेवाळाला घट्ट गुंडाळलेले. डॉगफिशचं, म्हणजे इथल्या मोरीचं अंडं; इथल्या मोऱ्या पिल्लं देत नाहीत, अंडी घालतात. नोराने आधीच बजावलं, तोडायचं नाही, पाण्याबाहेर काढायचं नाही.

आईला आम्ही कडेला बसवलं. मी दिवा पाण्यात धरून अंड्याच्या मागे लावला. पिशवी उजळली आणि आत काडीएवढं पिल्लू दिसलं, शेपटी हलवत, सारखी हलवत.

"आई, बघ. कडेने बघ."

तिने मान इकडे केली, तिकडे केली. कपाळावर आठ्या. "उजेड दिसता. आत काय ता समजना नाय."

मला वाटलं, झालं. हेही नाही. गुडघे खडकावर सोलवटले होते आणि मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. तेवढ्यात आईने बाही वर केली, थंडगार पाण्यात हात कोपरापर्यंत घातला आणि बोटांनी शेवाळ चाचपत अंडं शोधलं. हजार मोऱ्या साफ केलेला हात तो. दोन बोटांमध्ये पिशवी अशी धरली की मला तिने लहानपणी ताप बघायला धरलेलं मनगट आठवलं.

ती स्तब्ध झाली. मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

"हलता," ती कुजबुजली. "हलता गो ह्या! जिता आसा!"

किती वेळ तिने हात पाण्यात ठेवला कोण जाणे. बोटं निळी पडली तरी काढेना. नोरा म्हणाली, बाहेर यायला सात-आठ महिने तरी लागतात. आई म्हणाली, मग आपल्यासारखंच. मग तिने डोळे मिटले आणि हात तसाच पाण्यात ठेवून हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. ह्या लेकराला सांभाळ म्हाराजा. जाळ्यापासून राख म्हाराजा. आणि माझी ती चार जिथे आसतली थय तेंकाही सुखात ठेय म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. "वाय महाराजा," नोरा म्हणाली, आणि बाहीने नाक पुसलं.

परतताना आईने माझ्या खिशातून भिंगाचं झाकण काढून घेतलं. तिच्या पाकिटात ठेवलं. "ह्या माझ्याकडे ऱ्हवांदे," ती म्हणाली. "नायतर मी परत लावतलंय."

नंतर

आई देवबागला परत गेली. घरातल्या दुधावर झाकण ठेवायला कुणी नाही, आणि मी स्वतःच ठेवते असं परवा लक्षात आलं.

सहा आठवड्यांनी हवा पुन्हा मिळाली. नोरा आणि मी उतरलो. चाचणीचे फोटो मी चार काढले, नोराने पाचवा काढायला लावला. त्या गुहेत होत्या, सहाच्या सात झाल्या होत्या. एक फोटो असा आला की डोळ्यातली उभी रेघसुद्धा दिसते. धक्क्यावर, अंगातला ओला सूटही न काढता, मी तो देवबागला पाठवला आणि लगेच फोन लावला. शेजारची वहिनी तिला मोबाईल धरून दाखवत होती. मला ऐकू येत होतं, असं बघा, नाही असं बघा काकी.

थोड्या वेळाने आईचा आवाज आला. "बाय, दिसना नाय आता. कडेचाही पुसाट झाला." तिने ते हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी धक्क्यावर खाली बसले. "फोटू ऱ्हवांदे बाजूक. तू सांग."

मी सांगितलं. वाळू कशी, उजेड कसा, कुणाची मान कुणावर. एक नवीन आलीये, ती जरा लहान आहे, तिला मधे घेतलंय. आई हुंकार देत ऐकत होती.

"सगळ्यो बऱ्यो असत?"

"बऱ्यो असत."

"आनी तू?"

मी इतकी वर्षं तिच्याशी पुण्या-मुंबईचीच मराठी बोलत आलेय. त्या दिवशी तोंडातून तेच आलं जे लहानपणी यायचं. "माका तुझी याद येता गो आये," मी म्हटलं, आणि नोराने शेजारी बसून माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला.